टेकडीचं छप्पर

त्या घरात गवत आलं की आधी त्याला मार पडे.

अंगणात दोन काळे धोंडे होते. पेंढी बुडाकडून दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावर न्यायची आणि तुरे धोंड्यावर आपटायचे. सहा-सात फटक्यांत बी झडून जाई. कुसळी गवताचं बी बारीक, तांबूस, खाली सुईसारखं टोक आणि वर बोटाएवढं लांब काळं कुसळ. झडलेलं सगळं झाडून गोळा करायचं आणि चुलीत घालायचं, कारण छपरात बी राहिलं की उंदीर येतात, पाखरं काड्या उपसतात आणि शाकाऱ्याचं नाव जातं. म्हातारा शाकारी, गावाची छपरं गवताने शाकारणारा, हे लहानपणापासून करत आला होता. त्याच्या थोरल्या मुलाशी लग्न होऊन जी या घरात आली, तिला सगळे थोरली म्हणत. तिचे हात आता ही झोडणी झोपेतसुद्धा करू शकले असते. तिच्या पोटऱ्यांवर बारा महिने लाल ठिपके असत. कुसळ कपड्यात शिरलं की ते आत-आतच चालत जातं, बाहेर येणं त्याला माहीत नाही.

पण त्या वर्षी अंगणात फक्त चार पेंढ्या होत्या.

गावामागची टेकडी पूर्वी कमरेएवढ्या कुसळीने भरलेली असायची. मग विटांसाठी तिची माती गेली, मागोमाग गुरं फिरली, मेंढरं फिरली, आणि टेकडी न्हाव्याने तासल्यासारखी दिसू लागली. आता गवतासाठी गाडी जुंपून दोन दिवसांच्या वाटेवर जावं लागे. लोक म्हणत, "पत्रा टाकतो की! तुमच्या गवताची वाट बघत पावसात बसायचं का?" चार वर्षांपूर्वी एका छपरावरून पडून म्हाताऱ्याचा खुबा मोडला होता. तो काठी टेकत, एक पाय मागे ओढत चाले, आणि कोणाच्या घरावर पत्रा चढताना दिसला की वाट बदलून जाई.

धाकटा मुलगा तर कधीच घरचा धंदा सोडून खडी फोडायच्या मशीनवर जायला लागला होता. त्याच मशीनच्या मालकाने गावाच्या सभेत टेकडी मागितली.

"नुसती उघडी पडलीय," खडीवाला म्हणाला. "दगड तरी कामाला येईल. पोरांना काम मिळेल."

सभेला गावातले म्हातारे गुरुजी बसलेले. शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी लोक त्यांच्यापुढे हात वर करूनच बोलत. म्हाताऱ्या शाकाऱ्यानेही हात वर केला.

"टेकडी गेली की आम्ही गेलो," तो म्हणाला. "मला दोन पावसाळे द्या. मी गवत आणतो तिच्यावर."

मागून मेंढक्या ओरडला, "कसलं? कुसळी? अरे, माझ्या मेंढरांच्या तोंडात जखमा करणारं गवत तू मुद्दाम पेरणार? लोक काटे काढतात, हा लावतोय!"

हसण्याचा लोट उठला. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. तोही हसला, आणि बापाने पाहिल्यावर खाली बघू लागला.

गुरुजींनी काठी आपटली. "दोन पावसाळे. दुसऱ्याच्या शेवटी टेकडीवर विळा चालवण्याजोगं गवत उभं असलं, तर कापायचा हक्क या घराचा. नसलं, तर मशीन चढेल. मग रडत यायचं नाही."

घरी येताना थोरलीचा नवरा म्हणाला, "आबा, विचारायचं तरी होतंत."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," म्हातारा म्हणाला.

त्या दिवसापासून झडलेलं बी चुलीत जायचं थांबलं, आणि बीसाठी लांबून गाड्या भरून गवत आणून झोडलं. पण कुसळांसकट बी म्हणजे नुसता गुंता. मूठ भरावी तर मूठच उघडत नाही, सगळं एकमेकांत अडकून लोकरीच्या गोळ्यासारखं होतं. ते पेरणार कसं? शाकाऱ्याच्या घरात सगळं साफ करूनच वापरायची रीत. थोरलीने बी दोन विटांमध्ये चोळलं, कुसळं मोडून काढली, सुपाने पाखडलं. बोटांची टोकं सोलली. पंधरा दिवसांनी तीन पोती बी तयार झालं, गव्हासारखं स्वच्छ, सुटंसुटं, मुठीतून झरझर पडणारं.

"बघावंसं वाटतं गं," म्हातारा ओंजळ वर-खाली करत म्हणाला. "अशी सफाई माझ्या आईलाही जमली नसती."

थोरलीला भरून आलं. त्या घरात कौतुक चिमटीने मोजून मिळत असे.

नवऱ्याने आणि तिने मिळून टेकडीभर बी फेकलं. दुसऱ्याच दिवशी मुंग्यांच्या रांगा लागल्या. एक-एक दाणा डोक्यावर घेऊन त्या लग्नाला निघाल्यासारख्या चालल्या होत्या. आठवड्याने पाऊस आला. टणक, गुळगुळीत उतारावर उरलेलं बी घसरलं आणि पायथ्याच्या तळ्याच्या काठाला चहाच्या चोथ्यासारखं येऊन साचलं. महिना गेला. टेकडीवर उगवलं काय, तर दगडांच्या फटीतून दोन-चार काडक्या.

मेंढक्या तळ्यावर मेंढरं पाजायला यायचा. थोरली दिसली की मेंढरांशी बोलायचा. "बायांनो, सावकाश प्या. वर हिरवळ दाटलीय, जाऊन लोळा!"

ती घागर भरून मान खाली घालून निघून जाई. देवापुढे दिवा लावताना तिने अजून काही मागितलं नव्हतं. मागायचं काय, हेच तिला कळत नव्हतं. काम तर तिने चोख केलं होतं.

पावसाळा अर्धा सरला असेल, तेव्हा गोठेवाली आली. सोळा म्हशी, दांडगा आवाज. तिच्या गोठ्यावरचं छप्पर याच घराने उन्हाळ्यात शाकारलं होतं.

"शाकारी आहे का घरात? का तोंड लपवून बसलाय?" ती फाटकातूनच कडाडली. "चला माझ्याबरोबर. सगळे चला. आणि हो, विळा घ्या. छप्पर कापायला!"

रस्त्याने ती पुढे आणि शाकाऱ्याचं घर मागे. बघे जमतच गेले. गोठ्यापाशी पोचल्यावर तिने नुसतं बोट वर केलं.

छपराच्या आढ्यावर, जिथे दोन्ही बाजूंचं गवत मिळतं आणि वरून चिखलाचा जाड लेप देतात, तिथे एका टोकाला हातभर पट्टा हिरवागार उगवला होता. लवलवीत, दाट, वाऱ्यावर मजेत डुलत होता.

"माझ्या म्हशी माना वर करून बघतात त्याच्याकडे," गोठेवाली म्हणाली. "टेकडीवर उगवेना म्हणून माझ्या डोक्यावर पेरलंत काय?"

लोक पोट धरून हसले. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. चाळीस वर्षांत त्याच्या छपरावर पातं उगवलं नव्हतं.

"त्या टोकाच्या पेंढ्या कोणी झोडल्या?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"झोडल्या नाहीत, मामा," थोरली म्हणाली. "त्या दिवशी माझा तळवा चिरला होता. सात-आठ पेंढ्या तशाच वर दिल्या मी. चूक माझी आहे."

नवरा शिडीकडे वळला, तेवढ्यात ती म्हणाली, "मी काढते. मीच केलंय ना."

त्या घरच्या बायका कधी शिडी चढत नसत, पेंढ्या खालून द्यायच्या एवढंच. पण शरमेने कोणाला तिला अडवायचंही सुचलं नाही. ती आढ्यापाशी पोचली आणि रोपटी उपटू लागली. उपटेनात. चिखलात घट्ट रुतलेली. तिने बोटाने लेप उकरला. प्रत्येक रोपट्याच्या बुडाशी बी उभं होतं, टोक खाली, आणि एकूण एक बीला अजून मोडकं-वाळकं कुसळ चिकटलेलं. शेजारीच गवतात एक न उगवलेलं, कोरडं बी अडकलं होतं, कुसळाला दोरीसारखा पीळ. तिने ते तळव्यावर ठेवलं. तळवा घामाने ओला होता.

बी हललं.

आधी तिला वाटलं, वाऱ्याने असेल. तिने हात पोटाशी घेतला. कुसळाचा पीळ सावकाश उलगडत होता, आणि त्याबरोबर बी गोल-गोल फिरत होतं. सुताराचं गिरमिट लाकडात शिरावं तसं त्याचं टोक तिच्या जुन्या जखमेच्या कडेला टेकलं आणि टोचलं. चांगलंच टोचलं.

ती आढ्यावर बसून हसू लागली.

"हिला काय झालं?" गोठेवाली खालून म्हणाली. "ऊन लागलं का?"

"मामा!" थोरली वरून म्हणाली, आणि इतक्या लोकांत तिने कधी आवाज चढवला नव्हता. "मामा, आपण त्याचे पायच तोडून टाकले हो! ते कुसळाने जमिनीत शिरतं. आपण कुसळं काढली, मग ते शिरणार कशानं?"

गर्दीला काही कळलं नाही. म्हाताऱ्याला कळलं. तो काठी टेकत शिडीपाशी गेला आणि ते बी मागायला त्याने तळवा पुढे केला.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "बरं, कळलं. पण कुसळांसकट पेरायचं कसं? गुंत्याचे गोळे फेकायचे?"

थोरली म्हणाली, "पेरायचंच नाही. गवत न झोडता तुऱ्यांसकट आणायचं आणि टेकडीवर शाकारायचं. गोठ्यावर जसं आपोआप झालं तसं. वरून गवताचं पांघरूण, म्हणजे बी वाहणार नाही, मुंग्यांना चटकन दिसणार नाही, आणि ओल धरून राहील."

"टेकडी शाकारायची," नवरा म्हणाला. "लोक दगड मारतील आपल्याला."

म्हातारा कोपऱ्यातून बोलला. "टेकडीचा उतार गोठ्याच्या छपरापेक्षा सोपा आहे. आणि तिथे शिडी लागत नाही." त्याचा आवाज बदललेला होता. चार वर्षांनी तो पुन्हा हातातल्या कामाविषयी बोलत होता.

पाऊस ओसरला, गवत पिकलं, आणि तिघं गाडी घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर गेले. पिकलेल्या कुसळीला धक्का लागला की बी गळतं, म्हणून पहाटेच्या दवातच कापायचं. दवाने कुसळं मऊ होतात, तुऱ्याला बिलगून राहतात. ऊन चढलं की विळे खाली. ओल्या गवतात गुडघ्यावर बसून थोरलीच्या कमरेला रग लागे. कापलेलं गवत चादरींवर सुकवायचं, म्हणजे गळेल ते बीही वाया जाऊ नये. अशा अकरा फेऱ्या झाल्या. कुसळं कपड्यांत, केसांत, अंथरुणात शिरली. नवरा म्हणे, "आता मलाच जमिनीत पुरा, उगवेन."

हिवाळाभर घरात माणसांना बसायला जागा नव्हती. गवत छताला टेकलेलं, आणि उंदरांची चंगळ.

धाकटा एकदा दारात उभा राहिला. "वहिनी, हे जळलं ना एका ठिणगीने, तर घरासकट जाईल."

"म्हणून चूल बाहेर घेतलीय, भावजी. बसा, चहा देते."

"बसू कुठे?" तो म्हणाला. दोघंही हसली, पण तो आत आला नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी काम सुरू झालं. छपराचं काम वळचणीपासून वर जातं. टेकडीचंही तसंच, पायथ्यापासून. म्हातारा जमिनीवर बसला, मोडका पाय लांब केला, आणि बसल्या-बसल्याच वर सरकत पहिली ओळ लावू लागला. तुरे मातीकडे, काड्या एकमेकींवर चढत्या, वरून आडवी दोरी, दर तीन हातांवर खुंटी. नवरा खुंट्या ठोकी. थोरली पेंढी सोडून पसरत जाई.

"जाड झालं," म्हातारा म्हणे. "पाणी बाहेर ठेवायचं नाहीये आपल्याला, आत घ्यायचंय. काड्यांतून माती नुसत्या डोळ्यांना दिसली पाहिजे." थोड्या वेळाने म्हणे, "आता विरळ झालं. टक्कल झाकायचंय ना, सूनबाई?" तो दिवसभर बोलत होता. शिडी नाही, पडायची भीती नाही. खाली उतरताना त्याला उचलून आणावं लागे, आणि तरी सकाळी सगळ्यांत आधी तोच तयार.

गाव बघायला येई. "टेकडीला थंडी वाजते का हो?" "घराला पत्रा आणि टेकडीला छप्पर, नवीन पद्धत निघाली!" खडीवालाही येऊन गेला. गंमत वाटल्यासारखा उभा राहिला, जाताना म्हणाला, "चालू द्या. नाहीतरी ते गवत आम्हालाच काढावं लागणार आहे."

अर्ध्याच्या वर टेकडी झाकली गेली आणि वारा सुटला.

कोरडा, दुपारचा वारा. आधी वरच्या कडेच्या खुंट्या उपटल्या, मग दोऱ्या फटाफट तुटल्या आणि बघता-बघता एक अख्खी पट्टी चटईसारखी गुंडाळत उचलली गेली. थोरली तिच्यावर पालथी पडली. नवरा दुसऱ्या टोकावर. म्हातारा बसल्या जागी दोरी दोन्ही हातांनी धरून ओरडत होता, "सोडू नका! सोडू नका!" तोंडात धूळ, डोळ्यांत काडी. तीन माणसं किती धरणार? त्यांच्या डोळ्यांदेखत पाच दिवसांचं काम तळ्यात जाऊन पडलं.

वारा थांबल्यावर थोरली उठली, तेव्हा तिच्या हनुवटीवरून रक्त येत होतं. दोरीने म्हाताऱ्याच्या तळव्यांची सालं गेली होती. तो ते तळवे उपडे करून मांडीवर ठेवून बसला होता, कोणाला दिसू नयेत म्हणून.

खालून गाडीचा आवाज आला. मशीनवरची गाडी, चपट्या आणि वेड्यावाकड्या टाकाऊ दगडांनी भरलेली. हाकणारा धाकटा.

"मशीनमध्ये न बसणारे दगड आहेत," तो म्हणाला. "रोज खड्ड्यात फेकतो. दोऱ्यांवर ठेवू, उडायचं नाही." मग बापाकडे न बघता म्हणाला, "मालकाला विचारूनच आणलेत. खड्डा भरला होता, तो म्हणाला ने कुठेही."

म्हाताऱ्याने काठीने जागा दाखवली. "वरून सुरुवात कर. आणि फेकू नकोस, ठेव. दाबलं की बी गुदमरतं."

"मला शिकवा आता दगड," धाकटा पुटपुटला, आणि त्याने पहिला दगड अंडं ठेवावं तसा ठेवला.

मशीन सुटल्यावर तो रोज एक गाडी आणू लागला. तळ्यातलं ओलं गवत थोरलीने काढून वाळवलं, पण त्यातलं बी गेलं होतं. म्हणून ती पुन्हा एकटीच जुन्या चादरी झटकत बसली. हिवाळ्यात गळलेलं बी चादरींत शिरून बसलं होतं, ते तिने चिमट्याने एक-एक उपसलं आणि त्या पट्टीत गवताखाली मुठीमुठीने ठेवलं. आकाश भरून यायच्या आदल्या दिवशी टेकडी माथ्यापर्यंत झाकली गेली.

पाऊस चार दिवस कोसळला. तळ्याकडे उतरणाऱ्या ओघळांत पाणी होतं, पण काड्या नव्हत्या. दोऱ्यांनी धरलं. आठव्या दिवशी गवत काळं पडलं, कुबट वास येऊ लागला. दहाव्या दिवशीही काळंच. नवरा म्हणाला, "कुजलं." म्हाताऱ्याचं जेवण तुटलं.

तेराव्या दिवशी सकाळी थोरली एकटी वर गेली. गुडघे टेकले. हात जोडले नाहीत, दोन्ही हातांनी कुजकी काडी बाजूला सारली. खाली माती ओली, काळी, मऊ. तिथे पिवळट-हिरव्या सुया उभ्या होत्या. दोन बोटांच्या जागेत सात. तिने शेजारी उकरलं, तिथे नऊ. खाली सरकली, तिथेही. ती उतारभर गुडघ्यांवर फिरली, लेकरांच्या डोक्यावरचं पांघरूण उचलून पाहावं तशी, आणि जिथे हात घातला तिथे होतंच. तळ्यात गेलेली पट्टी तेवढी विरळ होती. पण तिथेही होतं.

"मामा!" तिची हाक तळ्याच्या पलीकडे ऐकू गेली. पाणी प्यायला वाकलेल्या मेंढरांनी माना वर केल्या.

महिन्याभराने खालून पाहणाऱ्याला काळं छप्पर दिसेना. दोन महिन्यांनी वाऱ्याबरोबर टेकडीवर लाटा येऊ लागल्या. गवत कोवळं होतं तेव्हाच म्हाताऱ्याने मेंढक्याला बोलावून एक भारा दिला.

"कुसळ यायच्या आधीचं आहे," तो म्हणाला. "घाल मेंढरांना."

मेंढरांनी भारा खाऊन दोरीही चाटली. मेंढक्या मान खाजवत म्हणाला, "गोड लागतंय वाटतं."

"दरवर्षी कोवळ्यात पायथ्याचा पट्टा तुझा. कापून न्यायचा, चारायचा नाही. तुरे आले की इकडे पाऊल टाकायचं नाही. मान्य?"

"आता तू म्हणतोस तर," मेंढक्या म्हणाला. मग थोरलीकडे वळून, मेंढरांशी बोलायच्या त्याच आवाजात, पण डोळे खाली घालून म्हणाला, "बाई, मागचं मनात ठेवू नका."

पावसाळ्याच्या शेवटी सभा टेकडीवरच भरली. गवत म्हाताऱ्याच्या छातीला लागत होतं, तांबूस तुऱ्यांनी वाकलं होतं. गुरुजी माथ्यापर्यंत चढले. खडीवाला बूट-मोजे घालून आला होता. अर्ध्या वाटेत तो एका पायावर उभा राहून मोज्यातली कुसळं उपसू लागला. एक काढावं तर चार आत.

"साहेब, ओढू नका," गोठेवाली गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "ते आतच जातं. मोजे इथेच सोडा, पुढल्या वर्षी त्याला मोजे येतील."

हसण्यात खडीवालाही सामील झाला. दुसरं करणार काय?

गुरुजींनी विळा मागवला. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला देणार. त्यांनी तो थोरलीपुढे धरला. तिने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

तिने डाव्या हातात भरगच्च मूठ धरली आणि एकदाच विळा ओढला.

"चालतोय," गुरुजी म्हणाले. "टेकडी यांची."

धाकट्याने शिट्टी मारली. बापाने काठी उगारली, आणि ती तशीच वर धरून हसत राहिला.

त्या हंगामात गावातली तीन पत्र्याची घरं पुन्हा गवताखाली आली. धाकटा वाकलेले पत्रे उतरवायला दर सुट्टीला येई. कापणी संपायच्या आधी लांबून एक बैलगाडी आली. गाडीत दोन बाया आणि एक पुरुष, तिघांच्या अंगावर प्रवासाची धूळ. त्यांच्याकडच्याही दोन टेकड्या उघड्या पडल्या होत्या, आणि पावसात माती घरात शिरत होती.

"आम्हाला इथल्या मोठ्या शाकाऱ्याला भेटायचंय," पुरुष म्हणाला. "टेकडी शाकारायची ज्याला सुचली, त्याला. तुम्हीच ना?"

म्हातारा अंगणात दोरी वळत बसला होता. त्याने हातातला पीळ पुरा केला, गाठ मारली आणि काठीने वर दाखवलं. माथ्याजवळ, वाकलेल्या गवतात, थोरलीची पाठ दिसत होती.

"ती तिथे आहे," तो म्हणाला. "मी तिच्या हाताखाली आहे. बसा. तिची ओळ पुरी व्हायचीय."